साडेपाच फुटांवरचे प्लग

मी इंटिरियर डिझायनर आहे असं सांगितलं की महाडमध्ये अजूनही कुणीतरी विचारतं, "म्हणजे पडदे शिवता का?" पूर्वी मी रागवायचे. आता म्हणते, "हो, शिवते. खिडकीचं माप घेऊन या." माणूस माप घेऊन येतो, मी त्याच्या घरी जाते, आणि पडद्यापासून सुरू झालेलं काम स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत पोचतं. माझी निम्मी कामं अशीच मिळालेली आहेत, तेव्हा पडदे शिवणारी म्हणवून घ्यायला माझी आता काही हरकत नाही.

खरं तर हा धंदा हाताचा आहे. माझ्या हाताचा नाही, घरात राहणाऱ्याच्या हाताचा. अंधारात खोलीत शिरल्यावर माणसाचा हात दिव्यासाठी कुठे जाईल, अंथरुणावर पडल्यापडल्या पाण्याच्या तांब्याकडे कसा वळेल, हे आधी ओळखायचं आणि मग भिंत, लाकूड, वायर त्याच्या हाताजवळ आणून ठेवायची. रंग, झुंबरं, गालिचे हा सगळा नंतरचा साजशृंगार. कोर्समध्ये मुंबईला हे शिकवलं होतं. पण महाडला परत आल्यावर कळलं की इथला माणूस आपण कुठे बसणार हे ठरवण्याआधी पाणी आल्यावर फ्रिज कुठे जाणार हे ठरवतो.

आमच्याकडे नुसतं 'पाणी' म्हटलं की ते सावित्रीचं. बाजारपेठेत ते दर दोनचार पावसाळ्यांनी येतं, चिखल ठेवून जातं. त्यामुळे महाडच्या घरांची एक रीत ठरून गेली आहे. प्लग जमिनीपासून साडेपाच फुटांवर. त्याहून वर नेला तर बायकांचा हात पोचत नाही, त्याहून खाली ठेवला तर पाण्याचा पोचतो. मेन स्विचचा बोर्ड माळ्यावर. कमरेखाली प्लायवूड लावायचं नाही, म्हणजे कपाटं भिंतीवर टांगलेली. आणि प्रत्येक खोलीच्या स्लॅबमध्ये एक दणकट लोखंडी कडी, पाणी चढायला लागलं की गाद्या गुंडाळून दोरानं वर ओढायला. माझ्या एका गिऱ्हाइकानं सोफा घेताना दुकानात त्यावर बसून बघितलंच नाही. तो आणि त्याचा भाऊ दोन टोकांना उभे राहिले, सोफा उचलला, दुकानाच्या जिन्यात वळवून बघितला आणि म्हणाले, "हा चालेल." दुकानदारालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

हे सगळं दर वेळी नकाशावर लिहीत बसायला मला कंटाळा यायचा. माझा वायरमन शांताराम. नदीकडच्या अगदी उतारावरच्या आळीत राहणारा, बोलायला कमी, हातानं चोख. अठ्ठावीस वर्षं आम्ही बरोबर काम केलं. त्याला मी नकाशात दिवे, पंखे तेवढे दाखवायचे आणि खाली कोपऱ्यात लिहायचे: बाकी नेहमीप्रमाणे. त्या दोन शब्दांत कडीसकट सगळं आलं. कधी चुकलं नाही, कधी तक्रार आली नाही, आणि मला त्याचा अभिमानच होता.

मग इक्बालभाई आले.

इक्बालभाई आमच्याच शाळेतले, माझ्या तीन वर्षं पुढे. शाळा सुटल्यावर दहाबारा वर्षांनी आखातात गेले आणि पंचवीस वर्षं तिथल्या एका भल्या मोठ्या हॉटेलात खोल्या लावायचं काम केलं. चादरी ताणण्यापासून सुरुवात करून शेवटी एका अख्ख्या मजल्याचे मुख्य झाले. परत आले ते स्वतःचं हॉटेल काढायचं असं ठरवूनच. पोलादपूरच्या वर, महाबळेश्वरच्या घाटाला लागल्यावर उजव्या हाताच्या डोंगरावर त्यांनी जागा घेतली. बावीस खोल्या. एक मोठी हॉटेल कंपनी त्या हॉटेलला आपलं नाव द्यायला तयार झाली होती. अट एकच, कंपनीचा माणूस येऊन खोल्या तपासणार, पास झाल्या तरच नाव मिळणार.

"ताई, नाव भेटलं तर पुन्या-मुंबैची मानसं येतील," इक्बालभाई म्हणाले. "नाय भेटलं तर एवढा डोंगर चढून कोन येतोय? मी आनि माझी बायको बावीस खोल्यांमधे आळीपाळीनं झोपू." ते हसले, पण आखातातल्या पंचवीस वर्षांचं जे काही होतं ते सगळं त्यांनी त्या डोंगरात घातलं होतं, हे गावात सगळ्यांना माहीत होतं.

एवढं मोठं काम मला त्याआधी मिळालं नव्हतं आणि नंतरही मिळालं नाही. मी अगदी हुरळून गेले. खोल्यांच्या भिंतींना घोटीव चुन्याचा गिलावा केला, त्यासाठी कारागीर बाहेरून आणले. इक्बालभाईंच्या डोक्यातही रोज काहीतरी नवीन यायचं. एकदा त्यांनी ठरवलं की पाहुण्यांना आंघोळीला महाडजवळच्या सव गावच्या झऱ्याचं गरम पाणी द्यायचं. टँकर भरून आणला. ते पाणी घाट चढेस्तोवर गार झालं. मग ते आम्ही गीझरमध्ये घालून तापवलं आणि इक्बालभाईंनी त्यात हात बुडवून समाधानानं मान हलवली. "अगदी सवसारखं," म्हणाले.

पलंगांवर मात्र ते कुणाला टेकू द्यायचे नाहीत. चादर अशी ताणायचे की बघणाऱ्याला अंथरूण की लाकडाची फळी असा प्रश्न पडावा. गवंडी, सुतार, मी, सगळे फरशीवर बसून डबे खायचो.

सात महिन्यांत काम झालं. महाडातली झाडून सगळी मंडळी येऊन हॉटेल बघून गेली. डॉक्टर आले, वकील आले, आमच्या शाळेचे मुख्याध्यापक आले. सगळ्यांनी गिलाव्यावर हात फिरवला, खिडकीतून दरी बघितली, "झकास!" म्हणाले. बिरवाडीचे एक घरमालक, कारखान्यातल्या कामगारांना खोल्या भाड्यानं देणारे, त्यांनी तर वर बघून कडीला दोन हातांनी लोंबकळूनच पाहिलं आणि शांतारामची पाठ थोपटली. एवढ्या माणसांत एकालाही काही खटकलं नाही.

तपासणीला आल्या त्या अनुष्का देवधर. पुण्याच्या, तिशीतल्या, हातात भिंतीवर लाल ठिपका पाडून अंतर मोजणारं यंत्र. बोलायला गोड. पहिल्या खोलीत शिरल्या, दोन मिनिटं नुसत्या उभ्या राहिल्या, म्हणाल्या, "गिलावा सुंदर आहे हं." मी फुलले. मग त्यांनी पर्समधून मोबाइलचा चार्जर काढला आणि पलंगाच्या बाजूला वाकून काहीतरी शोधायला लागल्या. मग गुडघ्यांवर बसल्या. मग पलंगाखाली डोकं घातलं.

"काही पडलं का?" मी विचारलं.

"नाही, चार्जिंगचा प्लग शोधतेय."

"हा काय," मी वर बोट दाखवलं.

त्यांनी वर बघितलं. "तो एसीचा ना?"

"एसीचा त्याच्याही वर. हा तुमचा."

त्या उठल्या, हात वर करून चार्जर लावला, फोन जोडला आणि हात सोडला. फोन वायरीला लोंबून भिंतीवर हळूहळू हेलकावे घ्यायला लागला.

"आणि झोपून फोन बघायचा असेल तर?"

"झोपून बगू नये," मागून शांताराम म्हणाला. "डोळे जातात."

त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. मग त्यांनी कपाट उघडलं. कपाट जमिनीपासून तीन फुटांवर टांगलेलं. "बूट कुठे ठेवायचे?" त्यांनी विचारलं, आणि मी त्यांना डोळ्यांसमोरचा कप्पा दाखवला. मग त्या पलंगाकडे वळल्या, वर बघितलं आणि त्यांचा चेहराच बदलला.

"झोपणाऱ्याच्या बरोबर डोक्यावर ही लोखंडी कडी कशाला आहे?"

आम्ही तिघं एकदम बोललो. इक्बालभाई म्हणाले, "मच्छरदानी." मी म्हटलं, "झुंबर." शांताराम म्हणाला, "गादी बांधायला."

"गादी कशाला बांधायची?"

"छताला," शांताराम म्हणाला.

मी खरं सांगते, त्या क्षणापर्यंत मला काही कळलेलं नव्हतं. या पुण्याच्या बाईला साधं प्लगाचं कळत नाही, एवढंच माझ्या मनात होतं. देवधरबाईंनी खिडकीचा पडदा सरकवला. खाली खोल, अगदी खोल, शेतांच्या मधून सावित्री दोऱ्याएवढी दिसत होती.

"मॅम," त्या हळूच म्हणाल्या, "ते पाणी इथे यायचं असेल तर आधी सगळा रायगड जिल्हा बुडायला लागेल. बरोबर ना?"

मी खिडकीतून खाली बघितलं, मग भिंतीवरच्या प्लगाकडे बघितलं, आणि सात महिन्यांत पहिल्यांदा मला तो दिसला. बावीस खोल्या. प्रत्येकीत सहा. सगळे माझ्या डोक्याच्या वर.

देवधरबाईंनी पंधरा दिवस दिले. प्लग फूटभर उंचीवर, कड्या काढलेल्या, कपाटं जमिनीला टेकलेली. "नाहीतर मला नकार लिहावा लागेल. वाईट वाटेल, पण लिहावा लागेल," एवढं बोलून त्या गाडीत बसल्या.

मी कपाळाला हात लावून पायरीवर बसले. नकाशा उलगडून बघितला तर कोपऱ्यात माझ्याच अक्षरात ते दोन शब्द. दोष शांतारामचा नव्हता, त्यानं नेहमीप्रमाणेच केलं होतं. मला इतकी लाज वाटली की इक्बालभाईंकडे बघवेना. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते माझ्याशेजारी येऊन बसले.

"ताई, मी पंचवीस वर्सं तिकडं वाकून वाकून प्लगाखालची धूळ पुसली," ते म्हणाले. "वाकून! आनि सात म्हयने हितं रोज आलो. मला पन दिसलं नाय. तुमाला काय बोलू?"

घोटीव गिलावा फोडून नवीन खाच पाडणं शक्य नव्हतं. कारागीर केव्हाच आपापल्या गावी गेले होते आणि चुन्याला जोड दिला की तो जन्मभर डागासारखा दिसतो. शेवटी मी असं काढलं की जुन्या प्लगाच्या जागी पितळेची चकती, तिच्यातून पितळेची बारीक नळी भिंतीवरून सरळ खाली, आणि नळीच्या टोकाला, जमिनीपासून फूटभर, नवा प्लग. वायर नळीतून उतरवायची. दिसायलाही बरं दिसलं असतं, जणू पहिल्यापासून तसंच ठरलं होतं.

शांतारामनं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ताई, तुमी सांगाल ते लावतो. पर एवढ्या खाली माजा हात जात नाय."

"म्हणजे काय? वाकायचं आणि लावायचं."

"वाकतो की."

तो वाकला, लावला. दुसऱ्या दिवशी मी पट्टी घेऊन गेले तर पहिल्या खोलीतला प्लग सव्वा फुटावर. दुसऱ्या खोलीत दीड. चौथ्या खोलीत पावणेदोन. सहाव्या खोलीत तो अडीच फुटांवर पोचला होता आणि असाच चालला असता तर शेवटच्या खोलीत परत साडेपाचवर गेला असता. मी चिडले. तो बिचारा स्वतःच चकित होऊन पट्टीकडे बघत होता.

"मी फूटभरच धरलं व्हतं, ताई. शप्पत."

"मग नळी कुणी कापली?"

"मीच कापली. पर हातानं कापली ना."

शेवटी मी एक पाट घेतला आणि त्याच्याशेजारी जमिनीवर ठाण मांडलं. माझे गुडघे तेव्हाही कुरकुरायचे. प्रत्येक प्लगापाशी मी पट्टी उभी धरायची, पेन्सिलनं रेघ मारायची, आणि तो रेघेवर स्क्रू बसवेपर्यंत डोळ्यांत तेल घालून बसायचं. एकशे बत्तीस वेळा. कापडे गावाहून बागेच्या कामाला येणाऱ्या बायका खिडकीतून डोकावायच्या आणि एकमेकींना सांगायच्या, "आज पन बाई भिंतीला लागून बसलीय गो." कड्या शांतारामनं कापल्या. कापलेली प्रत्येक कडी तो कापडात गुंडाळून पेटीत ठेवत गेला. मी म्हटलं, भंगारात टाक. तो म्हणाला, "लागतील कोनालातरी."

चौदाव्या दिवशी काम संपलं. पंधराव्या दिवशी देवधरबाई आल्या.

त्यांनी बावीसच्या बावीस खोल्या बघितल्या. लाल ठिपका पाडून प्रत्येक प्लग मोजला. पितळी नळ्यांवरून बोट फिरवलं आणि "हे छानच झालंय" म्हणाल्या. शेवटच्या खोलीत त्या खुर्चीत बसल्या, मांडीवर कागद घेतले आणि भरायला लागल्या. फोनची बॅटरी संपत आली होती म्हणून त्यांनी खाली वाकून नवीन प्लगाला चार्जर लावला आणि फोन जमिनीवर ठेवला.

आम्ही तिघं भिंतीला लागून उभे होतो, निकाल लागायच्या वेळी मुलं उभी राहतात तसे. खोलीत त्यांच्या पेनाचा आवाज तेवढा येत होता. आणि मी बघितलं की शांताराम फोनकडे बघतोय. थोड्या वेळानं तो पुढे झाला, फोन उचलला आणि टेबलावर ठेवला. वायर पोचत नव्हती, चार्जर निघाला.

"अहो, असू दे," देवधरबाई म्हणाल्या आणि फोन परत लावून खाली ठेवला.

मिनिटभर गेलं असेल. इक्बालभाई काहीतरी पुसायचं असल्यासारखे वाकले आणि फोन उचलून स्वतःच्या हातात धरून उभे राहिले.

"काय करताय?"

"काय नाय, म्याडम. वजन बगत व्हतो."

देवधरबाईंनी त्यांच्याकडून फोन घेतला आणि तिसऱ्यांदा खाली ठेवला. या वेळी मी जागची हलायची नाही असं पक्कं ठरवलं होतं. मी दरीकडे बघायचा प्रयत्न केला. मी मनात पाढे म्हटले. आणि कधी वाकले ते मला कळलंच नाही. देवधरबाईंनी वर बघितलं तेव्हा फोन माझ्या हातात होता.

त्यांनी पेन खाली ठेवलं. गोडवा गेला होता.

"मला खरं सांगा. या जमिनीत ओल आहे का? फरशीवर पाणी येतं का या खोल्यांमध्ये?"

"नाय!" आम्ही तिघं एकदम ओरडलो. खोटं बोलणारी माणसं ओरडतात तसंच ते ऐकू आलं.

"मग तुम्ही माझा फोन जमिनीवर का राहू देत नाही? काहीतरी आहे आणि ते तुम्ही लपवताय. असं असेल तर मी सही करू शकत नाही."

इक्बालभाईंचा चेहरा राखेसारखा झाला. पंचवीस वर्षं, सगळा डोंगर, आणि ते एका फोनपायी जायला निघालं होतं, तेही आमच्या तिघांच्या हातांनी. मी म्हटलं, "ओल नाहीये हो. या खोलीत कधी पाणी येणार नाही. आम्हालाच ठेवता येत नाही. आम्ही महाडचे आहोत." मी फोन त्यांच्या हातात दिला. "आमच्याकडे जमिनीवर काही ठेवत नाहीत."

मग त्यांनी विचारलं, "तुमच्या घरात कुठवर आलं होतं?"

कुठल्या वर्षीच्या पुराचं, हे त्यांना सांगावं लागलं नाही. ते पाणी पुण्यातल्या लोकांनीही बातम्यांत बघितलं होतं. मी भिंतीपाशी गेले आणि माझ्या कपाळाच्या उंचीवर हात ठेवला. इक्बालभाईंनी छातीशी हात ठेवला. "मी तिकडं व्हतो," ते म्हणाले. "अम्मीनं फोनवर सांगितलं, तुज्या छातीएवढं. म्हनून हे."

शांताराम भिंतीकडे बघत उभा होता. त्यानं वरपासून खालपर्यंत भिंत नीट बघितली, काम घेण्याआधी बघतो तशी. मग पायांचे तळवे पँटीला पुसले आणि तो त्या ताणलेल्या पांढऱ्या चादरीवर चढला. मी इक्बालभाईंकडे बघितलं. त्यांनी त्याला चढू दिलं. पलंगावर उभं राहून शांतारामनं हात वर केला, टाचा उचलल्या, आणि त्याची बोटं छताला टेकली.

"हितं छत आलं, म्याडम," तो म्हणाला. "खोली कमी पडते. अजून हातभर पायजे."

"मग तुम्ही कुठे होतात?"

"वर. पत्र्यावर. मी नि बायको. दीड दिवस."

अठ्ठावीस वर्षं मी या माणसाला प्लग किती उंचीवर लावायचे ते सांगत आले होते. त्याच्या घरात पाणी कुठवर आलं होतं, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. चिखल काढून झाल्यावर आठव्या दिवशी तो माझ्याकडे कामावर आला होता आणि मी त्याला, उशीर झाला, म्हणून बोलले होते. आता त्याच्याकडे बघताना मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं.

शांतारामनं हात खाली घेतला नाही. खाली घेऊ का, असं त्यानं डोळ्यांनीच विचारलं. देवधरबाईंनी मांडीवरचा कागद सरळ केला आणि पेन उचललं. सही कुठे करायची ते मला बोट ठेवून दाखवावं लागलं. त्या अजून छताकडेच बघत होत्या.